महाग वैरण : दोष कोणाचा ?

प्रतिवर्षी वैशाख लागला म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येते, ‘यंदा वैरण परवडत नाही.’ पाऊस बरा झालेला असो वा नसो, ह्या वाक्यात फारसा फरक पडत नाही. दुष्काळी साली ते रडून म्हटले जाते आणि सुकाळी साली कुरकुरत म्हटले जाते, एवढाच काय तो भेद. वैरणीस दुष्काळाने महागाई येते हे कोणीही नाकारणार नाही. परंतु जी वस्तू सुकाळीही दरवर्षी त्याच महिन्यात महाग होते, तिच्या महागाईचे सगळे खापर पावसाच्या माथी फोडणे न्यायाचे नाही. त्यातील काही भाग आपल्या व्यवहाराचा आहे, काही भाग आपल्या संस्थांचा आहे, आणि ह्या दोन्ही भागांस औषध आहे, असे आमचे मत झाले आहे. तेच आज वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

मुख्य गोष्ट प्रथमच सांगतो. आपण धान्य मोजतो, वैरण मोजीत नाही. ज्वारी किती पोती झाली हे घरातील शाळकरी पोरही सांगेल. परंतु कडबा किती झाला असे मालकास विचारले तर तो गंजीकडे बोट दाखवून ‘आहे की जनावरांपुरता’ एवढेच म्हणेल. जनावरांपुरता म्हणजे किती जनावरांपुरता, किती दिवसांपुरता, ह्याचा हिशेब त्याच्यापाशी नसतो. ज्या वस्तूचा हिशेब नाही, ती विकताना स्वस्त जाते आणि घेताना महाग पडते. हा व्यापाराचा जुना नियम आहे व तो वैरणीसही लागू आहे.

ह्या बाबतीत सरकारी दप्तरही आपल्याहून फारसे शहाणे नाही. महसूल खात्यात कारकुनी करण्यात आमचे आयुष्य गेले. गावाची पैसेवारी काढतात ती दाण्याच्या उताऱ्यावर. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली म्हणजे टंचाईचा विचार सुरू होतो, आणि मग कोठे तालुक्याकडून वैरणीचा अंदाज मागविला जातो. तो अंदाज पेरणीचे क्षेत्र व जनावरांची संख्या ह्यांवरून कागदावर बसविलेला असतो. कोणाच्या परसात खरोखर किती कडबा उभा आहे, आणि जो होता त्यापैकी किती फाल्गुनातच ट्रकात बसून गावाबाहेर गेला, हे त्या कागदावरून कळत नाही. शासनाने ते शोधावे अशी अपेक्षा करीत बसण्यापेक्षा ज्याचे जनावर त्याने आपली वैरण आपण मोजावी, हे अधिक सोपे व अधिक खात्रीचे.

सन २०१८ साली पाऊस कमी पडला व त्या वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी महाराष्ट्र शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढे २०१९ च्या उन्हाळ्यात बीड, सोलापूर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) इत्यादी जिल्ह्यांत चारा छावण्या उघडल्या गेल्या. आम्ही तेव्हा नोकरीत होतो व एका छावणीची नोंदवही तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. भर उन्हात एक ओळखीचे शेतकरी दोन बैल व एक गाय घेऊन नाव घालण्यास उभे राहिले. बारा एकरांचे खातेदार, घरचे खाऊन पिऊन सुखी. आम्ही सहज विचारले, ‘काका, तुमच्या परसात मागल्या सुगीची गंज होती ना ?’ ते खाली पाहून म्हणाले, ‘भाऊसाहेब, होती. पण गाडी दारात आली, हातात पैसा पाहिजे होता. सात शेकडे दिले. वाटले, पुढची सुगी येईलच.’ पुढची सुगी आली नाही. कोरडा व झाकून ठेवलेला कडबा वर्ष दीड वर्ष सहज टिकतो. ते सात शेकडे घरात राहिले असते तर त्यांना छावणीत उभे राहावे लागले नसते. आम्ही नाव घातले; परंतु त्यांनी अंगठ्याच्या नखाने बैलाच्या शिंगावरचा रंग खरवडीत जे मौन धरले, ते आम्ही अद्याप विसरलो नाही.

ह्या गृहस्थांस आम्ही मूर्ख म्हणणार नाही, व वाचकांनीही म्हणू नये. सुगीच्या तोंडावर सोसायटीचा हप्ता, मजुरीची देणी, लग्नकार्य ही सर्व एकदम उभी राहतात. दाण्याचा भाव पडलेला असतो म्हणून मनुष्य दाणा राखतो व कडबा काढून टाकतो. शिवाय गंज ठेवावी तर आगीची धास्ती, अवकाळी पावसाची धास्ती, उंदीर घुशींची धास्ती. ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु फाल्गुनात विकलेली वैरण वैशाखात परत घेताना दर चढलेला असतो, शिवाय हमाली व गाडीभाडे दोन्ही वेळचे आपल्याच अंगावर पडते. घरचे सोने मोडून त्याच सोनाराकडून पुन्हा घडवून आणण्यासारखाच हा प्रकार. त्यातून ज्वारीचे क्षेत्र वर्षानुवर्षे घटत चालले आहे, त्या जागी सोयाबीन, कापूस व ऊस आला आहे, आणि यंत्राने काढलेल्या पिकाची काडे पुष्कळदा शेतातच विखरून जातात. म्हणजे जो कडबा पूर्वी परसात आपोआप येत असे, तो आता विकत घेण्याची वस्तू होऊन बसला आहे. सबब तो विकत घेण्याची व ठेवण्याची विद्या शिकणे प्राप्त आहे.

प्रथम, लागतो किती ? जनावरास दिवसाला आपल्या वजनाच्या शेकडा अडीच इतका कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, पोटात जावा लागतो. म्हशीस थोडा अधिकही लागतो. समजा जनावर ३०० किलोचे आहे. तर त्यास साडेसात किलो कोरडा अंश पाहिजे. वाळलेल्या कडब्यात व गोळी पेंडीत शेकडा ९० च्या सुमारास कोरडा अंश असतो, हिरव्या चाऱ्यात साधारण शेकडा २० धरावा. तेव्हा ६ किलो कडबा, १ किलो गोळी पेंड व ६ किलो हिरवा चारा मिळून हा हिशेब पुरा होतो. फाल्गुन ते ज्येष्ठ असे चार महिने, म्हणजे १२० दिवस धरले तर एका जनावरास ७२० किलो कडबा लागेल. पेंढी २ किलोची धरल्यास ३६० पेंढ्या; नासधूस धरून चार शेकडे. तीन जनावरे असतील तर बारा शेकडे. दुभत्या जनावरास दुधाच्या मानाने पेंड वाढवावी लागेल, कामाच्या बैलास कामाच्या मानाने. परंतु हा बारा शेकड्यांचा आकडा एकदा भिंतीवर लिहिला म्हणजे दारात गाडी आली असता किती विकावे व किती राखावे, ह्याचा निर्णय व्यापारी करणार नाही, तो आकडा करील.

दुसरे, घ्यावयाचे कसे ? आमच्याकडे कडबा शेकड्याने विकतात, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. शेकडा हे माप पेंढ्यांचे आहे, वैरणीचे नव्हे. समजा एक विक्रेता शेकड्यास २,००० रुपये मागतो व त्याची पेंढी २ किलोची आहे. दुसरा १,७०० रुपये मागतो व त्याची पेंढी दीड किलोची आहे. आपण दुसऱ्याकडे धावतो. वस्तुतः पहिल्याकडे किलोस १० रुपये पडतात व दुसऱ्याकडे ११ रुपये ३३ पैसे. यास्तव गाडीच्या वरून, मधून व खालून मिळून दहा पेंढ्या काढून त्यांचे वजन करावे, किंवा गाडीच भुईकाट्यावर घालावी. काट्याची पावती मागण्यात लाज वाटू देऊ नये. आपण ऊस घालतो तेव्हा काटा मागतो, मग वैरण घेतानाच का संकोच करावा ?

परंतु वजनही एकट्याने पुरत नाही, कारण ओला कडबा जड भरतो. वरील २०० किलोच्या शेकड्यात ओलावा शेकडा १० असेल तर १८० किलो कोरडा अंश मिळाला. ओलावा शेकडा २५ असेल तर १५० किलोच. म्हणजे तेवढ्याच दामात ३० किलो पाणी विकत घेतले, आणि पाणी नुसते फुकट जाते असे नव्हे, तर ते उरलेल्या मालासही कुजविते. ओलाव्याची परीक्षा घरी होते. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर बारीक कापलेली वैरण व चमचाभर सुके मीठ घालून झाकण लावून हलवावे. मीठ मोकळे राहिले तर माल रचण्याजोगा सुका आहे. मिठाचे खडे बांधले तर ओलावा शेकडा १५ च्या वर आहे असे समजून पुन्हा उन्हात टाकावा. तसेच पेंढीच्या गाभ्यात हात घालून ऊब लागते काय, कुबट वास येतो काय, काळी बुरशी दिसते काय, हे पाहावे. पाला टिकून असलेला कडबा नुसत्या ताटांच्या कडब्याहून केव्हाही चांगला, कारण पोषण पाल्यात अधिक. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या मालदांडी ज्वारीस आमच्या भागात मान आहे तो दाण्याइतकाच कडब्याकरिता, हे वाचक जाणतातच.

उसाचे वाढे स्वस्त मिळतात म्हणून उन्हाळ्यात त्यांवरच भिस्त ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनीही कोरड्या अंशाचा हिशेब करून भाव पाहावा. शिवाय वाढ्यांत ऑक्झॅलेट नामक पदार्थ असतो, तो अंगातील चुना बांधून टाकतो. यामुळे नुसत्या वाढ्यांवर ठेवलेले दुभते जनावर कालांतराने खंगते. वाढे कुट्टी करून कडब्यात मिसळून द्यावे, त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी व क्षार मिश्रण चालू ठेवावे. भाताचा पेंढा व गव्हाचे काड ही त्याहून निकस, परंतु त्यांस सुधारता येते. १०० किलो काडास ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडून, दाबून, प्लास्टिकाने हवाबंद करून २१ दिवस ठेवावे. मग उघडून वास जाऊ द्यावा व थोड्यापासून सवय लावावी. सहा महिन्यांच्या आतील वासरास हे देऊ नये, आणि युरिया कोरडा किंवा पाण्यातून जनावरास कधीही देऊ नये. तो जीव घेतो.

डोंगराळ भागातील बंधू गवत विकत घेतात. गवताची किंमत त्याच्या कापणीच्या वेळेवर आहे. पवन्या, मारवेल ही गवते फुलोऱ्यावर असता कापून सुकविली तर त्यांत सत्त्व राहते. बी झडून पिवळी पडल्यावर कापली तर उंची तीच दिसते, परंतु पोषण उरत नाही. कुसळी गवत तर कुसळे धरण्यापूर्वीच कापलेले पाहिजे, नाही तर ती कुसळे तोंडात व घशात रुततात. गवत घेताना ‘कधी कापले ?’ हा प्रश्न भाव विचारण्याच्या आधी विचारावा. चांगल्या गवताचा रंग हिरवट राहिलेला असतो व वास गोडसर येतो.

आता गोळी पेंडीविषयी. पोत्यावरचे चित्र पाहून किंवा दुकानदार उधार देतो म्हणून पेंड घेणारे बरेच असतात. पोत्यावर प्रथिनांचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २०५२ ह्या मानकाप्रमाणे मिश्र पशुखाद्याच्या पहिल्या प्रतीत प्रथिने शेकडा २२ व दुसऱ्या प्रतीत शेकडा २० पेक्षा कमी नसावीत, आणि ओलावा शेकडा ११ पेक्षा अधिक नसावा. आता हिशेब पाहा. समजा ५० किलोचे शेकडा २० प्रथिनांचे पोते १,५०० रुपयांस आहे व शेकडा २२ चे १,६०० रुपयांस आहे. पहिल्यात १० किलो प्रथिने, किलोस १५० रुपये. दुसऱ्यात ११ किलो, किलोस १४५ रुपये ४५ पैसे. महाग दिसणारे पोते येथे स्वस्त ठरले. नेहमीच असे होईल असे नाही. परंतु भागाकार केल्यावाचून ते कळणारही नाही. तसेच पोत्यावरील तयार झाल्याची तारीख पाहावी, आणि तळाशी भुगा फार असेल, गोळी दाबताच मऊ लागत असेल वा कुबट वास येत असेल तर भाव कितीही कमी असो, पोते परत करावे.

तिसरी गोष्ट साठवणीची, आणि येथे आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे. एके वर्षी आम्ही वेळेवर, वजनाने व चांगल्या भावात कडबा घेतला आणि मोठ्या ऐटीने परसाच्या भिंतीला लागून, पागोळ्यांखाली रचला. भिंतीचा आडोसा होईल अशी कल्पना. चैत्रात एक अवकाळी सर आली. पागोळ्यांचे पाणी गंजीच्या पोटात उतरले व खालून भिंतीची ओल चढली. वरून गंज सोन्यासारखी पिवळी दिसत होती. महिन्याने मधली पेंढी ओढली तो काळी व चिकट. गाईने हुंगून तोंड फिरविले. तिच्याइतकी परीक्षा आम्हास असती तर पाऊण शेकडा कडबा उकिरड्यावर टाकावा लागला नसता. खरेदीत जे चार पैसे वाचविले होते, ते साठवणीत दुप्पट गेले.

तेव्हा गंज रचावयाची ती उंच जागी, पाणी चोहोंकडे वाहून जाईल अशी. खाली दगड मांडून त्यावर लाकडे वा तुराट्यांचा थर घालावा, म्हणजे जमिनीची ओल चढणार नाही. पेंढ्यांचे बुडखे बाहेर व शेंडे आत करून, मधला भाग किंचित उंच ठेवून रचावे व माथ्यास उतार द्यावा. त्यावर पाचटाचा जाड थर किंवा ताडपत्री घालून दोरांनी आवळावी. ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत बंद करू नये, कुशीतून हवा खेळती राहिली पाहिजे. ओलावा शेकडा २० च्या वर असता रचलेली वैरण आतून तापते, तिला बुरशी येते, आणि फार तापल्यास ती आपोआप पेटल्याचीही उदाहरणे आहेत. राहत्या घरापासून, चुलीपासून व विजेच्या तारांखालून गंज दूर असावी. सर्व कडबा एकाच गंजीत न ठेवता दोन गंजी अंतराने कराव्या, म्हणजे दुर्दैवाने एकीस आग लागली तरी दुसरी वाचेल. आणि जनावरापुढे अख्खी पेंढी टाकण्याची सवय सोडावी. कुट्टी करून गव्हाणीत घातलेली वैरण खाल्ली जाते. दावणीपुढे पसरलेली वैरण निम्मी तुडविली जाते, आणि ती तुडविलेली वैरणही आपण विकतच घेतलेली असते.

पेंडीची पोती कधीही उघड्या फरशीवर ठेवू नयेत. फळ्यांवर ठेवावी, भिंतीपासून हातभर अंतर असावे, आधी आलेले पोते आधी संपवावे, आणि पावसाळ्यात महिन्याभराच्या गरजेहून अधिक माल भरू नये. स्वस्त मिळते म्हणून आषाढात तीन महिन्यांची पेंड भरणे ही काटकसर नव्हे. दमट हवेत शेंगदाणा पेंड, सरकी पेंड व गोळी पेंड ह्यांवर जी बुरशी येते, तीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते जनावराच्या काळजावर घाला घालतेच, शिवाय दुधात उतरते, व दूध उकळल्याने जात नाही. दुधातील ह्या विषाची मर्यादा देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनी किलोस ०.५ मायक्रोग्रॅम इतकी अल्प ठरविली आहे, ह्यावरून त्याची धास्ती लक्षात यावी. बुरशीची पेंड ‘धुऊन, वाळवून’ घालण्याची जी रीत काही घरांत आहे ती तत्काळ बंद झाली पाहिजे. ते दूध आपलीच नातवंडे पितात.

येथपर्यंत आम्ही प्रत्येकाने आपापल्या घरी करावयाच्या गोष्टी सांगितल्या. परंतु कोणी म्हणेल, ‘हे सर्व ठीक, पण फाल्गुनात ज्याच्या गाठीस पैसा नाही, त्याने कडबा न विकता काय करावे?’ हा आक्षेप खरा आहे व त्यास घरगुती उपदेशाने उत्तर देता येत नाही. येथे संस्थेनेच पुढे आले पाहिजे. बाजार समित्यांमार्फत जी शेतमाल तारण योजना चालते, तीत ज्वारीचा दाणा गोदामात ठेवून त्यावर कर्ज उचलता येते. त्याच ज्वारीच्या कडब्यावर मात दमडीही मिळत नाही. म्हणजे दाणा राखण्यास शेतकऱ्यास आधार आहे, वैरण राखण्यास नाही. मग तो वैरण विकतो ह्यात नवल कोणते ?

आमची सूचना अशी आहे की आपल्या सोसायटीने सभासदाच्या गंजीवर उचल द्यावी. गंज सभासदाच्याच परसात राहावी; दोन पंचांनी पेंढ्या मोजून, दहा पेंढ्यांचे वजन घेऊन पंचनामा करावा; चालू भावाच्या निम्मी रक्कम उचल म्हणून द्यावी व ती खरिपाच्या मालावर वसूल करावी. जळिताची भीती आहे हे खरे. म्हणूनच रक्कम निम्मी, गंजी दोन, आणि दोन्ही घरापासून दूर, ह्या अटी घालाव्या. ज्यांना कडबा विकत घ्यावयाचा आहे अशा सभासदांची मागणी माघातच लिहून घ्यावी व ती एकत्र करून सोसायटीने वजनावर खरेदी करावी. वैरण ही जागा फार व्यापते व वजनास हलकी भरते; म्हणून अर्धी गाडी मागविणाऱ्यासही भाडे पुऱ्या गाडीचे पडते. दहा जणांनी मिळून मागविली तर हेच भाडे वाटून जाईल. कोणास विकावयाचा व कोणास घ्यावयाचा हे एकाच वहीत आले म्हणजे गावचा कडबा गावातच राहील, आणि मधली एक फेरी वाचेल.

हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी मानू नये. गुजरातेत खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांनी आपल्या जनावरांसाठी खाद्य परक्याकडून घेत बसण्यापेक्षा कंजारी येथे आपला स्वतःचा पशुखाद्य कारखाना उभा केला. त्याचे उद्घाटन १९६४ साली पंतप्रधान लालबहादुर शास्त्री ह्यांच्या हस्ते झाले, व त्या भेटीनंतर दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. तेही तुमच्या आमच्यासारखे दोन चार जनावरे बाळगणारे लोकच होते. आम्ही तर कारखाना काढा असे म्हणत नाही; एक काटा व एक वही काढा, एवढेच म्हणतो.

छावणीस आमचा विरोध नाही. ज्या साली खरोखर काडी उगवत नाही त्या साली शासनाने जनावरे जगविलीच पाहिजेत, व ज्याच्यापाशी जमीनच नाही त्याच्या शेळी गाईस पहिली जागा मिळाली पाहिजे. परंतु ज्याच्या शेतात कडबा पिकला होता, त्याने तो विकून छावणीच्या दारात उभे राहावे, आणि त्याच्या मागे भूमिहीनाने ताटकळावे, हे आपल्यास शोभत नाही. छावणी नसलेल्या साली तर ह्याहून वाईट घडते. चैत्र वैशाखाच्या बाजारात वैरणीअभावी गाय विकावी लागते, घेणाऱ्यास आपली अडचण ठाऊक असते, आणि पावसाळ्यात तीच गाय घ्यावयास गेल्यास दीडपटीने मागतात. वैरणीचा हिशेब चुकला म्हणजे शेवटी असे जनावरच हातचे जाते.

येत्या वार्षिक सभेत आम्ही हा विषय लेखी मांडणार आहोत. वैरणीची खरेदी विक्री वजनावर व्हावी, गंजीवर उचल मिळावी, आणि सभासदांची मागणी माघात नोंदविली जावी, अशा तीनच सूचना त्यात असतील. ज्यांना त्या पटतील त्यांनी अनुमोदन द्यावे. ज्यांना पटणार नाहीत त्यांनी सभेस येऊन विरोध करावा, परंतु आपल्या परसातील पेंढ्या मोजून यावे. मोजून आलेल्या मनुष्याशी वाद करण्यात आम्हास आनंदच वाटेल. इत्यलम्.